न्हावऱ्याच्या माळाखालचा आवाज

आधीच सांगते, या असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता आणि खरं विचाराल तर आजही नाही. आम्ही दौंडचे, बौद्ध कुटुंब. वडिलांनी दीक्षा घेतली त्या दिवसापासून भूत, करणी, उतारा हे शब्द घरात बंद झाले. लहानपणी मी अंधाराला घाबरले की वडील हाताला धरून मला अंधारातच नेऊन उभं करायचे. "बघ. काय हाय? काय न्हाई." पुढे मी नर्स झाले. माणसं डोळ्यांसमोर गेलेली पाहिली, त्यांना स्वच्छ केलं, चादर ओढली... कधी काही जाणवलं नाही. या सदरातले अनुभव मी नेहमी वाचते आणि बरेचसे हसून सोडून देते, राग मानू नका. पण ही एक गोष्ट पन्नास वर्षं माझ्याबरोबर आहे. माझा थोरला भाऊ होता तोवर आम्ही दोघं कधीतरी त्यावर बोलायचो. आता तोही नाही, म्हणून लिहिते आहे.

माझा भाऊ, त्याला आम्ही अण्णा म्हणायचो, रेल्वेत फायरमन होता. वाफेच्या इंजिनात कोळसा मारायचं काम. त्याचा जुना ड्रायव्हर म्हणजे फ्रँक अंकल, दौंडच्या रेल्वे कॉलनीतला अँग्लो-इंडियन. रिटायर झाल्यावर सगळे त्याला म्हणत होते, पुण्याला जा, नाहीतर ऑस्ट्रेलियाला मुलाकडे जा. त्यानं काय करावं? खुटबावपासून आत, भीमेच्या काठाला एका शेतकऱ्याची जागा घेतली, मिलिटरीच्या लिलावातले तंबू आणून लावले आणि शेजारी पत्र्याची शेड टाकून परमिट रूम काढली! पुण्याचे काही पारशी, काही मिलिटरीवाले शनिवारी तिथं यायचे. मासे पकडायचे, बिअर प्यायचे, तंबूत झोपायचे. आणि रविवारी सकाळी अंकल त्यांना पायी फिरायला पाठवायचा. त्यासाठी त्यानं तीन वाटा आखल्या होत्या. दगडांवर चुन्याचे पांढरे ठिपके मारलेले... ठिपक्यांमागे चालत राहायचं, की आपोआप परत शेडपाशी. आसपासचे लोक हसायचे. काम नसताना उन्हातान्हात चालायचं, आणि वर त्याचे पैसे द्यायचे!

अण्णाला मात्र ते वेड लागलं. इंजिनात रात्रंदिवस धग आणि धूर, त्यामुळे मोकळ्यावर चालणं त्याला आवडायचं. मी तेव्हा पुण्याला नर्सिंगला होते. सुट्टीला आले की मलाही घेऊन जायचा. अंकलची बायको, आंटी, तिथं असायची म्हणून आईही काही बोलत नसे.

बहात्तरच्या दुष्काळाच्या आधीचा हिवाळा. अंकल म्हणाला, "आज नंबर थ्री जाव. लंबा है, पानी साथ लेना." तिसरी वाट होडीनं नदी ओलांडून पलीकडे शिरूर तालुक्यात जायची. थोडी बाभळीची रांग, मग ज्वारीची रानं, आणि मग चढ चढून एक मोठा माळ. माळाच्या पलीकडे न्हावऱ्याचा रस्ता. तो माळ मला आजही दिसतो. झाड नाही, झुडूप नाही, नुसतं पिवळं कुसळीचं गवत आणि मुरूम. चहूबाजूंनी लांबवर सगळं उघडं. लपायचं म्हटलं तर ससासुद्धा लपणार नाही.

सकाळचं कोवळं ऊन होतं. एका ठिपक्याच्या दगडापाशी आम्ही भाकरी सोडली. आणि कुणीतरी म्हणालं...

"कुनी हाय का वर?"

अण्णाचा घास हातात राहिला. मी त्याच्याकडे पाहिलं, त्यानं माझ्याकडे.

पुन्हा आवाज आला. "अहो... कुनी हाय का? मला बाहेर काढा वो."

आवाज पुरुषाचा, तरुण. लांबून येत नव्हता. आमच्या पायाखालून येत होता. माठात तोंड घालून बोलल्यावर येतो ना, तसा दबलेला, पण एकेक शब्द स्पष्ट. अण्णा उठला आणि ओरडला, "कुठं हायेस रं? विहिरीत हायेस का?"

"व्हय. वरनं आलं सगळं अंगावर. पाय निघंना."

विहीर! आम्ही धावत सुटलो. चारही दिशांना गेलो. जुनी पडकी विहीर, भुयार, धान्य साठवायचं पेव, नुसता खड्डा... काही तरी असायलाच हवं होतं. काही नव्हतं. ठिपक्याच्या दगडापासून बाजूला गेलं की आवाज कमी व्हायचा, परत आलं की ठळक. अण्णानं गुडघ्यावर बसून हातानं मुरूम उकरायला सुरुवात केली. खाली टणक, न हललेली जमीन. तिथं कधी कुणी खणलंच नव्हतं. त्याची नखं फाटली तरी तो उकरत होता.

मी वाकून विचारलं, "श्वास घेता येतोय का?"

"येतोय, ताई. जरा जरा." मग थोड्या वेळानं, "न्हावऱ्याच्या बाबूला बोलवा. विहिरीची कामं घेतो त्यो. माझा भाऊ हाय. त्याला कळंल कसं काढायचं ते."

अण्णा लगेच उठला. "कुसुम, मी जातो न्हावऱ्याला. तू याला बोलत ठेव."

आणि तो पळत गेला. माळ उघडा असल्यामुळे तो बराच वेळ मला दिसत राहिला, लहान लहान होत गेला आणि मग दिसेनासा झाला.

मी एकटी. मला भीती वाटली का? खरं सांगते, नाही. ते काही 'तसलं' आहे असं तेव्हा मनातही आलं नाही. माझ्यासाठी तो एक पेशंट होता. वॉर्डमध्ये आम्हाला शिकवलं होतं, असा पेशंट असला की त्याला बोलतं ठेवायचं, झोपू द्यायचं नाही. मी जमिनीवर पालथी पडले, गाल मुरमाला लावला आणि बोलत राहिले. काय जेवलात, गाई किती, लग्न झालंय का... त्यानं उत्तरं दिली. काही वेळा माझं त्याला ऐकू जायचं नाही, मग मी पुन्हा ओरडून सांगायची. तो म्हणाला, लग्न ठरायचंय. हसला असावा. मग म्हणाला, "ताई, पानी मिळंल का?"

माझ्याजवळ बाटली होती. काय करावं कळेना. मी ती जमिनीवर ओतली. मुरमानं पाणी शोषून घेतलं, ओला डाग राहिला, तोही उन्हानं गेला. "पोचलं का?" मी विचारलं.

तो म्हणाला, "न्हाई." आणि मलाच समजावल्यासारखं म्हणाला, "असू द्या."

त्या क्षणाइतकं हतबल मला आयुष्यात कधी वाटलं नाही. पुढे नोकरीत ऑक्सिजन संपलेला पाहिला, डॉक्टर पोचले नाहीत असं झालं... पण तिथं निदान माणसाचा हात तरी हातात होता. इथं मी मातीवर हात ठेवून बसले होते.

बऱ्याच वेळानं त्यानं विचारलं, "दिवस हाय का रात?"

"दिवस आहे. छान ऊन आहे. वर घार फिरते आहे."

"हाय व्हय दिवस? मंग चांगलंय."

त्यानंतर आवाज मंदावला. मी हाका मारत होते. अधूनमधून नुसता "हं" यायचा.

तिकडे अण्णाचं काय झालं ते त्यानं मला नंतर सांगितलं. न्हावऱ्याच्या अलीकडच्या वस्तीवर बाबूचं घर त्याला लगेच सापडलं, कारण विहिरी खोदणारा बाबू सगळ्यांना माहीत होता. अण्णा धापा टाकत म्हणाला, "चला लवकर, तुमचा भाऊ विहिरीत गाडलाय." बाबू ओसरीवर जेवायला बसला होता. तो म्हणाला, "पाव्हणं, मला भाऊ एकच. आन् त्यो ह्यो काय, माझ्या म्होरं जेवतोय."

शेजारी खरंच एक तरुण पोरगा बसला होता. दगडू. हातात चतकोर भाकरी.

अण्णाला वाटलं, आतला माणूस शुद्धीवर नाही, काहीतरी बरळतोय. पण तो दगडूच आधी उठला. म्हणाला, "भाऊ आसंल नायतर नसंल, दादा. मानूस तर अडकलाय न्हवं?" त्यानं खुंटीवरचा दोर घेतला, पहार घेतली आणि सगळ्यांच्या पुढे चालायला लागला.

मला ते तिघं येताना दिसले. पुढे खांद्यावर दोर घेतलेला उंच पोरगा, मागे बाबू आणि अण्णा. मी हात हलवले. ते पोचल्यावर मी सांगितलं, "आवाज कमी झालाय, लवकर करा." बाबूनं आजूबाजूला बघितलं, पायानं जमीन ठोकली आणि म्हणाला, "बाई, हितं कुठली आलीया विहीर? हितं तर..."

तेवढ्यात खालून आवाज आला.

"दादा... आलास का?"

मी बाबूच्या चेहऱ्याकडे पाहत होते. माणसाच्या तोंडावरचं रक्त असं उतरताना मी वॉर्डातही पाहिलेलं नाही. त्यानं हळूहळू मान वळवली आणि शेजारी उभ्या असलेल्या आपल्या भावाकडे पाहिलं. दगडूचं तोंड बंद होतं. तो पहारीला हात देऊन उभा होता.

"दादा, लई वेळ लावलास रं."

तोच आवाज होता. दगडूचा. मीही आता त्याला समोरून ऐकलं, कारण दगडूनं विचारलं, "काय झालं? कुठनं येतोय आवाज? मला काय ऐकू येईना."

त्याला ऐकू येत नव्हतं! आम्हा तिघांना येत होतं, फक्त त्याला नाही. त्यानं दोर खाली टाकला आणि अण्णानं उकरलेल्या जागी पहार घालायला सुरुवात केली. "दाखवा तरी, हितंच ना? सरका, ताई." दणादण पहार मारत होता. आतल्या माणसाला वाचवायला. आणि प्रत्येक घावाबरोबर खालून त्याचाच कण्हल्याचा आवाज येत होता.

काय सांगणार त्याला? आणि कसं सांगणार? अण्णा दुसरीकडे तोंड करून उभा राहिला. शेवटी बाबू गुडघ्यावर बसला, जमिनीला दोन्ही हात लावले आणि म्हणाला, "आलोय रं. हाय हितंच."

दगडू थांबला. आपला भाऊ जमिनीशी बोलतोय हे तो आ वासून पाहत होता.

"बरं झालं," खालून आवाज आला. समाधानाचा. आणि मग काही नाही. आम्ही उन्हं कलेपर्यंत तिथं बसलो, हाका मारल्या, कान लावले. काही नाही. दगडूनं छातीइतका खड्डा पाडला. खाली निव्वळ खडक.

परत आल्यावर अण्णानं अंकलला सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी अंकल स्वतः होडीनं पलीकडे गेला आणि तिसऱ्या वाटेचे सगळे ठिपके घासून काढून आला. पुढे तो ऑस्ट्रेलियाला गेला आणि तंबूही गेले.

बाबूनं मात्र त्या दिवसापासून दगडूला विहिरीत उतरू दिलं नाही. कारण सांगितलं नाही, कधीच नाही. नुसतं "न्हाई म्हंजी न्हाई." दोघांची भांडणं झाली. शेवटी बाबू अण्णाकडे आला, हात जोडले, म्हणाला, "ह्याला तुमच्या रेल्वेत कुठंबी चिकटवा." अण्णानं खटपट करून त्याला इंजिनांच्या शेडमध्ये कोळशाच्या कामावर हंगामी लावलं. दगडू दौंडला राहिला. जेवायला पुष्कळदा आमच्याकडे असायचा. खूप चांगला पोरगा. आल्या आल्या आईच्या हातातली बादली घ्यायचा. मी सुट्टीला आले की "ताई, कवा आला?" विचारायचा. मला तो आवाज ऐकवत नसे. मी आत निघून जायची. त्याला वाटायचं, मी शिकलेली म्हणून शिष्ट आहे.

एकदा त्यानं अण्णाला सरळ विचारलं, "त्या दिवशी माळावर तुमी काय ऐकलं वो?" अण्णा म्हणाला, "वारा असंल." याहून दुसरं काय सांगायचं होतं? तुझंच मरण ऐकलं म्हणून? आणि ते मरणच होतं हे तरी आम्हाला कुठं माहीत होतं?

मग दुष्काळ पडला. त्या उन्हाळ्याचं मी काय वर्णन करू... ज्यांनी पाहिला त्यांना माहीत आहे. मी सुट्टीला आलेली असताना एका संध्याकाळी बाबू आमच्या घरी आला. भावासाठी मुलगी बघितली होती, ते सांगायला आलेला. खुशीत होता. आई म्हणाली, "अहो, दगडू तर आज सकाळीच गावाकडं गेला. चुकामूक झाली म्हणायची." बाबू म्हणाला, "आसू द्या, सकाळच्या गाडीनं जातो." चहा घेतला, जेवला. आमच्या ओट्यावर तो झोपायच्या तयारीत होता तेव्हा वस्तीवरचा माणूस सायकलवरून निरोप घेऊन आला.

शेजारच्या रानात विहीर खोलवत होते. खाली झरा लागला होता, पण एक बाजू सुटायला लागली म्हणून काम थांबवलेलं. बायका वर हंडे घेऊन बसलेल्या. दगडू नुकताच आलेला. म्हणाला, नुसता गाळ तर काढायचाय, मी काढतो, आणि उतरला. घरी अडवायला बाबू नव्हता. बाबू आमच्याकडे चहा पीत होता.

बाबू, अण्णा आणि मी पोचलो तेव्हा उजाडलं होतं आणि सगळं संपलं होतं. ती विहीर त्या माळावर नाही, हे मुद्दाम सांगते. बरीच लांब, दुसऱ्याच बाजूला.

काठावर एक म्हातारे आबा बसले होते. दरड कोसळल्यापासून ते काठावरच होते, खाली वाकून दगडूशी बोलायचा प्रयत्न करत होते. ते बाबूला म्हणाले, "म्या हाका मारत व्हतो, पर त्येला माझं ऐकूच जात नव्हतं. त्यो दुसऱ्याच कुनाशी तरी बोलत व्हता. ताई, ताई म्हनत व्हता. म्हनला, लगीन ठरायचंय. पानी मागितलं... आन् अंधार पडलेला, आमी बत्त्या लावलेल्या, तर म्हनतो, हाय व्हय दिवस? मंग चांगलंय." आबांनी उपरण्यानं डोळे पुसले. "शेवटाला म्हनला, दादा आलास का. बरं झालं म्हनला. आन् गप झाला. तू तर आलाच नव्हतास, बाबू."

अण्णानं माझा दंड घट्ट धरला. मला आठवतं ते एवढंच. आजूबाजूला बायका रडत होत्या, पण मला काही ऐकू येत नव्हतं.

बाबू रडला नाही. सगळं उरकल्यावर तो माझ्याकडे आला आणि बाजूला घेऊन म्हणाला, "ताई, तवा माळावर म्या काय बोललो व्हतो? तुमाला ध्यानात हाय?"

मी म्हणाले, "आलोय रं, हाय हितंच, असं म्हणालात."

"आन् म्होरं?"

"एवढंच."

तो म्हणाला, "आनखी बोलाया पायजे व्हतं."

मंडळी, भास म्हणावा तर तो तिघांना झाला. भूत म्हणावं तर ज्याचा आवाज तो माणूस समोर धडधाकट उभा होता, हातात पहार घेऊन. मी बऱ्याच लोकांना विचारलं. एका डॉक्टरांना, एका भंतेजींना, विज्ञान शिकवणाऱ्या माझ्या जावयालाही. सगळ्यांनी ऐकून घेतलं, समाधान कुणाच्याच उत्तरानं झालं नाही. आणि आता मी ते शोधतही नाही. तो आवाज कसा आला, हे नाही कळलं तरी चालेल मला. पण त्याला वाचवण्यासाठी आम्ही त्या दिवशी, किंवा त्यानंतरच्या इतक्या दिवसांत, आणखी काय करू शकलो असतो, एवढं मात्र मला अजून कुणी सांगू शकलेलं नाही.